लेबल नसलेला नमुना

लॅबमधल्या नमुन्यांच्या फ्रिजवर "आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत" ही पाटी नियमताईंनी स्वतःच्या हाताने चिकटवली होती, आणि त्याच पाटीमागे लॅबप्रमुख साहेबांचा जेवणाचा डबा रोज गारेगार बसलेला असे. उठता-बसता नियम सांगतात म्हणून हे नाव पडलेल्या ताई सहा वर्षं कंत्राटावर होत्या. कायम करण्याची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर पडून होती. सही का होत नाही, तर म्हणे तपासणी पार पडू दे. आता अशा माणसाला डबा काढायला कोण सांगणार?

तपासनीस बाई साडेबाराला न कळवताच आल्या आणि त्यांनी थेट फ्रिजच उघडला.

"हा स्टीलचा डबा कसला?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. जेवण म्हणावं तर लॅब नापास आणि ऑर्डर केराच्या टोपलीत. ताईंच्या तोंडून निघून गेलं, "नमुना आहे."

"लेबल कुठाय?"

"लावायचं राहिलंय, बाई."

"कुणाचा नमुना?"

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. "एका वयस्कर गृहस्थांचा."

"वयस्कर?" साहेब पुटपुटले.

बाईंनी हातमोजे चढवून झाकण उचललं. आत हिरवट, गिळगिळीत लगदा होता. त्या दोन पावलं मागे सरल्या. "अगं बाई गं! असला नमुना नेहमी येतो?"

"रोज. सकाळी दहाला." निदान एवढं तरी खरं बोलता आलं म्हणून ताईंना बरं वाटलं.

"मग तो माणूस जगतोय कसा?"

"कसाबसा," साहेब अगदी मनापासून म्हणाले.

"लेबल नसलेल्या नमुन्याचं काय करता तुम्ही?"

"ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेवर निर्जंतुक करतो आणि पिवळ्या पिशवीत टाकतो."

"करा माझ्यासमोर. प्रमुखांनीच करावं."

साहेबांनी गाऊन घातला, मास्क लावला, चष्मा चढवला आणि स्वतःचं जेवण दोन्ही हातांनी जपून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं. ताई मनातल्या मनात सहा वर्षांवर पाणी सोडत होत्या. भुकेला साहेब सही करतो होय!

लगदा पिवळ्या पिशवीत गेला. "जैविक धोक्याचं आदर्श व्यवस्थापन" असा शेरा मारून बाई गेल्या. साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"साहेब, चुकलं माझं. तुमचं जेवण..."

"गप्प बसा हो," म्हणत साहेबांनी ऑर्डरवर झोकात सही ठोकली. तेवढ्यात त्यांच्या डॉक्टर लेकीचा फोन आला. गेले आठ महिने तिने वडिलांना डाएटवर घातलं होतं आणि रोज या वेळी ती हजेरी घेत असे.

"बाबा, डबा संपला का?"

"संपला म्हणजे काय! एक कण शिल्लक नाही, बेटा." आठ महिन्यांत पहिल्यांदाच साहेब तिच्याशी ताठ मानेने बोलत होते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला कायम झालेल्या नियमताई फ्रिजपाशी आल्या, तर साहेब गाऊन आणि हातमोजे घालून डबा घेऊन तयार.

"ताई, यालाही लेबल नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आपल्याला नियम मोडून कसं चालेल?"