गांगुर्डे हवालदारांचं पाचवं यंत्र

गांगुर्डे हवालदारांच्या घरी गेलं की 'या, बसा' नंतर यायचं. आधी ते तारेला लटकणारा एक माइक आपल्या तोंडापुढे धरायचे आणि गरजायचे, "रिपोर्ट द्या!" आपण नाव सांगायचं, काय जेवलो ते सांगायचं. त्यांच्या कानाशी धरलेला स्पीकर गप्पच. "मुका निघाला," ते म्हणायचे. "बसा आता."

देवळाली कॅम्पात आमची भिंतीला भिंत. मी शाळामास्तर, ते तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले. कानात घालायचं मशीन मिळालं होतं; ते टोचतं म्हणून डबीत गेलं. मग साठी उलटल्यावर, मोबाइलवरच्या व्हिडिओंखालची अक्षरं वाचत, त्यांनी आवाज मोठा करणारं यंत्र घरीच बनवायला घेतलं. विजेचं ज्ञान बल्ब बदलण्यापुरतं.

सर्किटमध्येही त्यांची पलटण होती. रेझिस्टर म्हणजे जवान, बॅटरी म्हणजे राशन, आणि मधली आठ पायांची काळी चिप, आयसी, म्हणजे साहेब. पहिल्या यंत्रात साहेब उलटे बसले आणि तापले. "तोंड फिरवून उभं केलं सर, चिडणारच!" दुसऱ्यात माइकच्या तारा उलट्या. तिसऱ्यात तारा जोडणारं सोल्डर कच्चं राहिलं. चौथ्यानं नुसती कर्णकर्कश शिट्टी मारली. हवालदारांना तीही ऐकू आली नाही. त्यांच्या बायको, हिराकाकू, कान झाकून अंगणात पळाल्या तेव्हा कळलं.

दोघांचा संसार खुणांवर चालायचा. "ओरडून ओरडून घसा बसतो सर," काकू एकदा मला म्हणाल्या. "खुणा बऱ्या."

शिट्टीवर नाशिकच्या दुकानदारानं उपाय सांगितला: माइक आणि स्पीकर लांब ठेवा. म्हणून पाचव्या यंत्राचा माइक लांबलचक वायरीनं मागच्या स्वयंपाकघरात गेला, मिठाच्या बरणीशेजारी. "ठेवा कुठंबी," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "बोलणार थोडंच हाय ते!"

रविवारी दुपारी मी पुढच्या खोलीत बसलो होतो. हवालदारांनी स्पीकर कानाला लावला आणि बटण पूर्ण फिरवलं. खरखर झाली. मग भांडं वाजलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. पाठोपाठ काकूंचा आवाज आला, मलाही स्पष्ट ऐकू येईल असा.

"चहा टाकू का हो?"

जरा थांबून, आवाज जाड करून, त्याच म्हणाल्या, "टाक. आलं घाल."

"आलं संपलं ना."

"बरं, ऱ्हाऊ दे. गुडघे कसे हायेत तुझे?"

"हायेत तसेच. रात्री लय ठणकतात."

स्वयंपाकघरात दुसरं कोणीच नव्हतं.

हवालदारांनी स्पीकर खाली ठेवला.

"सर," ते म्हणाले, "ही माझंबी बोलती."

मग त्यांनी बॅटरीची तार काढली. असं लपून ऐकणं त्यांना बरं वाटलं नसावं. उठून ते आत गेले, आणि आतून त्यांचा परेडच्या मैदानावरचा आवाज आला.

"अगं, गुडघ्याला काय झालंय तुझ्या?"

काकू हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

काकूंनी परत सांगितलं.

"काय?"

तिसऱ्यांदा सांगताना काकूंचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. मी चपला घातल्या आणि बाहेरून दार ओढून घेतलं.