काटा हलला पाहिजे!

"अर्ध्या तासाचं काम!" अचिरीने छाती फुगवून जाहीर केलं. "मागची सीट उचलायची, टाकीचं झाकण उघडायचं, जुना फ्लोट काढायचा, नवा बसवायचा, सीट परत जागेवर. दुपारच्या जेवणाआधी मी तुझ्या आईला आणायला निघालोसुद्धा असेन!"

हे तो बायकोला, मांकाला, सांगत होता. ती पलंगावर पडली होती. तीन दिवसांची लेक तिच्या छातीशी होती आणि घर डोक्यावर घेऊन रडत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी झालेली ही पहिली पोर! तिला धरायचं कसं, न्हाऊ घालायचं कसं, ती रडते ते भुकेने की पोटात दुखतं म्हणून, दोघांपैकी कुणालाच कळत नव्हतं. शेजारच्या बायका येऊन सांगून जायच्या, पण प्रत्येकीचं सांगणं वेगळं. शेवटी मांकाच रडायला लागली. "मला माझी आई पाहिजे," एवढंच म्हणाली. ते ऐकून अचिरीला कसंसंच झालं.

आता आई काही परदेशात नव्हती. चार टेकड्या ओलांडल्या की तुमकू गाव. पहिल्या बाळंतपणाला जावयाने स्वतः जाऊन सासूला घेऊन यायचं, हा रिवाज. अचिरीकडे गाडीही होती. अडचण होती ती गाडीचीच!

गाडी अचिरीच्या लग्नापेक्षा जुनी. तिच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'देव आहे' असं रंगवलेलं होतं. पेट्रोल आहे की नाही, हे मात्र त्या देवालाच ठाऊक! कारण पेट्रोलचा काटा कधीकाळी शून्यावर जाऊन जो बसला, तो हलायचं नाव घेत नव्हता. निघायच्या आधी शेजारचा फ्रू गाडी गदागदा हलवायचा आणि अचिरी मागच्या पत्र्याला कान लावून ऐकायचा. आत डुचमळलं की निघायचं.

गेल्या वर्षी सासूला, म्हणजे मा लुमला, एका मयतीहून घरी सोडताना असंच डुचमळलेलं ऐकून निघाले आणि तिसऱ्या टेकडीवर गाडी बंद पडली. वर धो धो पाऊस. मा लुमच्या डोक्याला नवंकोरं रुमालाचं बांधणं. शेवटी वाळूचा ट्रक आला आणि मा लुम ओल्या वाळूच्या ढिगावर बसून गावात शिरली. अख्ख्या तुमकूने पाहिलं! त्या दिवशी तिने बोट रोखून सांगितलं होतं, "जावईबापू, तुमच्या गाडीचा काटा हलेल, त्या दिवशी मी तुमच्या गाडीत पाय ठेवीन. तोवर नाही!"

आणि मा लुम बोलली की बोलली. नात झाल्याचा निरोप गेला, तेव्हा तिचा उलटा निरोप आला: पोरीचा जीव तुटतोय हे कळतं, माझाही तुटतोय, पण काटा हलला का?

म्हणून अचिरीने बामेंडा शहराच्या भंगारबाजारातून फ्लोट आणला होता. लोखंडी चकती, तिला लांब तार, तारेच्या टोकाला पोकळ डबी. ही डबी टाकीत पेट्रोलवर तरंगते आणि ती वर-खाली होईल तसा पुढे काटा हलतो. अचिरी शिलाई मशीन दुरुस्त करायचा. गावातल्या प्रत्येक मशीनचं पोट त्याने उघडलं होतं आणि त्यातली बरीचशी परत बंदही केली होती. मोटार म्हणजे तरी काय? चाकं लावलेलं मशीन!

फ्रूने आणि त्याने मागची सीट उचलली. लाल रेक्झिनची, लांबरुंद, आतल्या स्प्रिंगा अजून शाबूत. ती अंगणात धुळीत कशी ठेवायची? म्हणून ओसरीवर, सावलीत, भिंतीला टेकवून ठेवली. फारच झोकात दिसत होती!

मग टाकीचं झाकण सैल केलं आणि पेट्रोलचा असा भपकारा आला की फ्रू दोन पावलं मागे सरकला.

"चूल विझवा!" अचिरी ओरडला. "एक ठिणगी उडाली तर आपण सगळे टेकडीवर फॉनराजांच्या राजवाड्यावर जाऊन पडू!"

स्वयंपाकघरात शेजारणी पाहुण्यांसाठी फुफू, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटत होत्या.

"अरे, बाळंतिणीच्या घरातली चूल विझवतात का कधी?" एकजण म्हणाली.

"अर्धा तास फक्त!"

कुरकुर करत त्यांनी चूल विझवली.

झाकणाची गोल रिंग गंजून टाकीशी एकजीव झाली होती. ठिणगी नको म्हणून लोखंडी हातोडा चालेना. लाकडाचा ठोकळा लावून टकटक, टकटक. अर्धा तास गेला. मग आणखी एक. ऊन डोक्यावर आलं तरी रिंग ढिम्म!

इकडे गावाच्या लक्षात आलं की अचिरीच्या छपरातून धूर निघत नाहीये. जिथे तीन दिवसांचं मूल आहे, तिथली चूल थंड! चूल थंड म्हणजे घरात कुणी गेलं, हे अबेन गावात शेंबडं पोरही सांगेल. पाणवठ्यावर बातमी गेली की बाळ दूध घेत नाही. बाजारात पोचेपर्यंत बाळाने डोळे फिरवले होते. आणि टेकडीवर राजवाड्यात पोचली तेव्हा बाळ गेलेलंच होतं.

अचिरीला याचा पत्ता नव्हता. रिंग एकदाची निघाली होती. जुना फ्लोट बाहेर आला, डबीला भोक पडून ती पेट्रोलने भरली होती. म्हणूनच ती बिचारी तळाशी बसलेली! नवा फ्लोट आत सोडून, डबी कुठे अडकत नाही ना हे ऐकायला अचिरी डोकं खुपसून पालथा पडला होता. गाडीच्या दारातून फक्त त्याचे पाय बाहेर. फ्रू पॅकिंगला लावायचा साबण आणायला गेला होता.

तेवढ्यात डोक्यावर हात घेतलेल्या बायकांचा घोळका अंगणात शिरला. पाहतात तर चूल थंड आणि बापाचे नुसते पाय दिसतायत, तेही निपचित!

"अगं बाई गं! हाही गेला!"

असा काही आकांत उठला की अचिरी दचकून ताडकन उठला आणि डोकं गाडीच्या टपावर आपटलं. तो कपाळ चोळत बाहेर आला, तेव्हा दोघीजणी त्याला पाहून पळाल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"तू!" एक म्हातारी रागाने म्हणाली. "मग गेला नाहीस तर पडलायस कशाला असा?"

आणि तेवढ्यात सगळं अंगण एकदम गप्प झालं. बायका वाकल्या. दोन्ही हातांची ओंजळ करून सगळ्यांनी हळू टाळ्या वाजवल्या. फाटकातून खुद्द फॉन, गावचे राजे, आत येत होते! मागे कारभारी आणि चार सेवक. म्हाताऱ्या माणसाने बातमी ऐकून, दुखऱ्या गुडघ्यांनी टेकडी उतरली होती.

"पोर कुठाय?" त्यांनी विचारलं.

मांका दारात आली. कुशीतल्या लेकीने त्याच क्षणी असा काही सूर लावला की पलीकडच्या आवारातला कुत्रा भुंकायला लागला.

फॉनचा चेहरा उजळला. "जिवंत आहे रे! चांगली खणखणीत आहे!" म्हणत त्यांनी डोळे पुसले. मग अंगातलं बळ सरल्यासारखे ते मागे सरकले आणि ओसरीवरच्या लाल सीटवर मटकन बसले.

स्प्रिंगांनी त्यांना हलकेच वर उचललं. फॉन थबकले. जरा इकडे सरकले, जरा तिकडे. मग मुद्दाम एकदा उसळून पाहिलं.

"वा!" फॉन म्हणाले.

सगळ्यांना आनंद झाला. अचिरीने मात्र गाडीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. फॉन ज्यावर बसले, त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. हे काय त्याला कुणी सांगायला हवं होतं?

फॉन उठले, पोरीला आशीर्वाद दिला. कारभाऱ्याने सेवकांना खूण केली. चौघांनी सीट डोक्यावर घेतली, आणि अचिरीच्या गाडीची मागची सीट वाजतगाजत टेकडी चढून राजवाड्यात गेली!

संध्याकाळी फ्लोट बसला. टाकी गळू नये म्हणून पॅकिंगला साबण लावला, रिंग आवळली, वायर जोडली. अचिरीने श्वास रोखून किल्ली फिरवली. काटा थरथरला आणि हळूहळू वर चढला!

"हलला! मांका, हलला!" तो लहान मुलासारखा नाचला.

"आणि आई बसणार कुठे?" मांकाने विचारलं.

"पुढे. माझ्या शेजारी."

"माझी आई? पुढे?"

अचिरी नाचायचा थांबला. मा लुम आयुष्यात कधी गाडीत पुढे बसली नव्हती. 'पुढे बसायला मी काय क्लीनर आहे?' हे तिचं वाक्य चारही टेकड्यांवर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राजवाड्यावर गेला. दिलेली वस्तू परत कशी मागायची? तो वाकून, टाळ्या वाजवून नुसताच उभा राहिला.

"याला काय झालंय?" फॉननी कारभाऱ्याला विचारलं. ते लाल सीटवरच बसले होते.

"काय झालंय?" कारभाऱ्याने अचिरीला विचारलं, कारण बोलायचं ते त्याच्यामार्फतच.

"महाराजांना सांगा, माझी बायको रडतेय. तिला आई हवीय. आईला आणायचंय. पण आई मागेच बसते आणि मागे आता... मागे जागा खूप आहे. नुसतीच जागा आहे."

कारभाऱ्याने हे गंभीरपणे फॉनना सांगितलं. फॉन इतके हसले की स्प्रिंगाही त्यांच्याबरोबर हसल्या.

"सीट काही मिळणार नाही बाबा," ते म्हणाले. "कित्येक वर्षांनी कंबर दुखायची राहिलीय. पण सासूला उभं थोडंच आणणार तू? याला आपल्या बैठकीतला पाहुण्यांचा एक बाक द्या रे!"

बाक शिसवासारखा काळा, जड, पायांना कोरलेले चित्ते. गाडीत घालताना चौघांना घाम फुटला. दोरीने करकचून बांधला, तरी इतका उंच की बसणाऱ्याचं डोकं टपाला टेकणार. आता सासू काय म्हणेल, या विचारातच अचिरीने गाडी बाहेर काढली. पेट्रोलही त्याने नेहमीच्या अंदाजाने घातलं. जाऊन-येऊन किती लागतं, हे त्याला पाठच होतं.

तुमकूला मा लुम अंगणात तयार उभी होती. भोवती केळीचे घड, अरवीच्या गोण्या, सरपणाची मोळी, बाळाचं पाणी तापवायचं भलंमोठं पातेलं आणि एक बोकड. तिने आधी काच खाली करायला लावली आणि वाकून काटा पाहिला. काटा मध्यावर होता.

"हं," ती म्हणाली. "हलला म्हणायचा." मग तिने मागे डोकावलं. "हे काय?"

"बाक आहे, मा. फॉनच्या राजवाड्यातला. त्यांनी स्वतः दिलाय, तुमच्यासाठी."

मा लुमने बाकाच्या पायांवरचे चित्ते बोटाने चाचपले. मग वळून तिने हाका मारल्या, "अगं ए! या गं सगळ्या! बघा माझा जावई मला कशावरून नेतोय ते!"

सगळं तुमकू येऊन पाहून गेलं. मग मा लुम बाकावर चढली. डोक्याचं बांधणं टपाला दबून चपटं झालं, मान वाकडी झाली, पण तोंडातून एक अक्षर नाही. बोकड पायाशी, बाकीचं सामान टपावर.

गाडी भरून वाहत होती, चढावर रडत होती. दुसरी टेकडी ओलांडल्यावर अचिरीचं लक्ष काट्याकडे गेलं. काटा खाली येत होता. थोड्या वेळाने तो शून्यावर जाऊन बसला. अगदी पूर्वीसारखा!

गेला! एवढं रक्त आटवून बसवलेला फ्लोट एका फेरीत गेला! आता हिने पाहिलं तर ती इथेच उतरेल, आणि तिकडे मांका दाराकडे डोळे लावून बसलीय. त्याने हळूच टोपी काढली आणि सहज ठेवावी तशी काट्यावर ठेवली. मागे मा लुम खिडकीबाहेर बघत अरवीच्या पिकाबद्दल अखंड बोलत होती. बरं झालं, तिचं लक्ष नाही, अचिरी मनात म्हणाला.

शेवटच्या टेकडीच्या माथ्यापाशी गाडी खोकली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

बोकड ओरडला. अचिरीला मागे वळून बघायचा धीर होईना.

"मा," शेवटी तो म्हणाला, "पेट्रोल संपलं."

"संपणारच. मागच्या टेकडीपासून काटा शून्यावर आहे."

अचिरी वळला. "तुम्ही पाहिलंत?"

"तू टोपी ठेवायच्या आधीच पाहिलं. आंधळी आहे का मी?"

"मग बोलला का नाहीत?"

मा लुमने वाकड्या मानेने त्याच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, काटा परत बिघडला. पोराने एवढी मेहनत केली, राजाकडून बाक आणला, आणि मी म्हातारी त्याला बोलून दाखवू? म्हणून अरवीचं लावून धरलं." मग तिने भुवया उंचावल्या. "आणि तू का नाही थांबलास?"

"मलाही वाटलं, बिघडला," अचिरी म्हणाला. "म्हटलं, तुम्ही बघाल आणि उतराल."

दोघंही एकमेकांकडे बघत बसली. आधी मा लुमला हसू फुटलं. मग अचिरीला. ती इतकी हसली की बांधणं सुटून मानेवर आलं.

"चल, उतर," डोळे पुसत ती म्हणाली. "माथा हाकेवर आहे. पुढे थेट अबेनपर्यंत उतारच."

"मा, तुम्ही बसा. मी ढकलतो."

"गप. माझी पोर वाट बघतेय तिकडे!"

तिने कमरेचं वस्त्र वर खोचलं, 'देव आहे'च्या खाली दोन्ही हात टेकले आणि जावयापेक्षा जोराने ढकललं. माथ्यावर पोचताच दोघं धापा टाकत आत शिरली आणि गाडी इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय, आपोआप खाली घरंगळायला लागली. वळणावर अबेन दिसलं. अचिरीच्या छपरातून धूर निघत होता.

"अचिरी," मागून मा लुमने विचारलं, "आता काटा किती दाखवतोय?"

अचिरीने टोपी उचलून पाहिलं. "शून्य."

"बरोबर आहे," मा लुम म्हणाली. "चांगलं काम केलंस हो."