मुखेडचं खत

सौदामिनीबाईंनी भिंतीवरून हाक मारली तेव्हा बानो भाकरी थापत होती.

"बानो, तुमचं खत आहे माझ्याकडं. उघडून बघितलं मी. लई छान आहे, घेऊन जा."

बानोची भाकरी तव्याऐवजी चुलीपुढं पडली. बानोच्या घरात पत्राला खतच म्हणत. मुखेडचे पाहुणे हुमाला बघून "खतानं कळवतो" म्हणून गेले, त्याला दोन महिने झाले होते. होकार आला की मेडिकलच्या परीक्षेला पुन्हा बसायचं नाही, क्लासही बंद, असं रियाजनं लेकीला बजावलं होतं. अख्खा महाराष्ट्र पोरं घेऊन क्लाससाठी लातूरला येत होता आणि लातूरची हुमा चालली होती मुखेडला. बानोला आनंद झाला की धसका बसला, तिचं तिलाच कळेना.

निरोप मिळताच रियाज घड्याळाचं दुकान तसंच टाकून, पेढे घेऊनच घरी आला.

"दुसऱ्याचं खत उघडून वाचतात व्हय? मास्तरीन हाय ना ती?"

"पन छान हाय म्हनल्या," बानो म्हणाली.

तिघं बाईंच्या दारात गेली. हुमा मागं मागं राहत होती.

"बाई, खत द्या."

"पोतं आणलं का?"

"पोतं?"

"दहा किलो तरी भरेल. वास बिलकूल न्हाई, हुंगून बघा."

भूकंपाच्या मदतीत आलेल्या निळ्या ड्रमात दोन्ही घरच्या भाजीच्या देठासालींचं काळंभोर खत झालं होतं. कचरा आणून टाकायचं काम हुमाचं. रियाज पेढ्यांचा पुडा पाठीमागं लपवू लागला.

बाईंनी कौतुकानं खुरपं घातलं, तर वर लिफाफा आला. अर्धा गांडुळांनी खाल्लेला, वर रियाजचं नाव. त्यानं घाईघाईनं आतला कागद काढला.

"'मुलगी पसंत आहे. मात्र पुढच्या शिक्षणाचं...' इथून पुढं खाल्लंय. काय लिहिलं असंल?"

"नाव काढायचं न्हाई म्हनून," हुमा बोलून गेली.

आईबापानं वळून तिच्याकडं बघितलं. हुमा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

बानोनं नवऱ्याच्या हातातला कागद घेतला, ड्रमात कोपरापर्यंत हात घालून तळाशी दाबला आणि झाकण लावलं.

"बाई," ती म्हणाली, "आमचं खत अजून कच्चं हाय. परीक्षा होईस्तोवर राहू द्या."