लिंबू रंगाची शुभ्र साडी

"चेतनाच्या लग्नात फोटोवाला लागत नाही. मी आहो ना!" शामरावांनी असं जाहीर केलं तेव्हा कुकरनेसुद्धा शिट्टी गिळली!

शामराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि कॅमेऱ्याच्या नादी लागले. त्यात गावोगाव हिंडून फोटोग्राफी शिकवणारी एक कार्यशाळा रायपुरात उतरली. बाकीचे शिकाऊ दूरदूरहून गाडीने आले, शामराव स्कूटरवरून. लेकीचं लग्न परवावर आलेलं, तरी हा बाप सकाळीच बूढ़ा तलावाच्या काठावर हजर!

"काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग विसरायचे, उजेड पाहायचा," कार्यशाळेचे शिशिर सर सांगत होते. "फिकं पिवळं चुन्यासारखं दिसेल, लाल काजळासारखं. लक्षात ठेवा!"

फलाटावरची घोषणा ऐकून प्रवासी डोलावतात, तशी शामरावांनी मान डोलावली आणि जोशात मोबाइलचा कॅमेराही काळा-पांढरा करून टाकला.

तेवढ्यात बायकोचा, मायाबाईंचा फोन आला. "अवो, तलावापाशी बूढ़ापाऱ्यातच हिंडून राहिले ना? मग साडीचं काम करा. दुकानदारानं फिक्या रंगाच्या तीन काढून ठेवल्या. फोटो पाठवा, कोणती ते मी सांगते."

साडीचं काम साधं नव्हतं. शामरावांची थोरली बहीण, नागपूरच्या राधाताई, गुडघ्यापायी लग्नाला येऊ शकत नव्हत्या. पण त्यांचा हुकूम आधीच येऊन बसला होता. आपल्या घरची प्रत्येक पोट्टी लग्नाला बुद्धविहारात पांढऱ्या साडीत उभी राहिली, चेतनाही तशीच उभी राहील!

शामरावांनी साड्या खिडकीपाशी मांडल्या. उजेड पदराच्या घड्यांवरून असा घरंगळला की ते साडी विसरले आणि उजेडच टिपत बसले. फोटो गेले. उत्तर आलं.

"मधली घ्या! दुधासारखी आहे. फॉल-पिको करून आणा आन् ब्लाऊजही शिवायले टाका."

मधली चक्क लिंबू रंगाची होती! शामरावांना ते दिसलंही. पण साडीच्या बाबतीत मायाबाईंचा शब्द म्हणजे सिग्नल. हिरवा झाला की गाडी हाकायची, का झाला हे विचारायचं नाही. 'ताईचं मन वळवलं वाटते मायानं,' ते खूश झाले. 'नवा जमाना!'

संध्याकाळी घरी पुडा सुटला.

"हे काय होय?"

"साडी."

"पिवळी काहून?"

"तूच तं म्हटलं, मधली!"

"फोटोत पांढरी होती!"

"फोटोत तं तू बी गोरी दिसते!"

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पुढचा पाव तास शामरावांनी बाल्कनीत काढला. तिथूनच त्यांनी शिशिर सरांना फोन लावला. "सर, रंग काढून टाकता येते ना?"

"हो काका, फोटोतून. का?"

"साडीतून?"



मग स्कूटर पुन्हा बूढ़ापाऱ्यात! दुकानदाराने हात जोडले. "भैया, फॉल लगी साड़ी कौन वापस लेता है? और सफेद वाली तो बिक गई."

गाडी चुकलेल्या माणसाचं तोंड घेऊन शामराव परतले. एव्हाना चेतना नवा रायपुरातल्या ऑफिसातून आली होती. तिने साडी उलगडली, अंगावर घेतली, आरशापुढे उभी राहिली.

"सब मिलके मेरी साड़ी पसंद कर रहे थे. मुझसे किसी ने पूछा?"

आई-बाप एकमेकांकडे पाहू लागले. खरंच की! नागपूरला विचारलं, दुकानदाराला विचारलं. नवरीला विचारायचंच राहिलं होतं.

"मुझे यही पहननी है," चेतना हळूच म्हणाली.

मायाबाईंनी रागवायला तोंड उघडलं खरं. पण लेकीकडे पाहता पाहता त्यातून ओवीच निघाली.

"तळ्याच्या पान्यावरी ऊन कोवळं सांडलं,
माझ्या लेकीच्या पदरी कुनी सोनं गं मांडलं!"

आणि लगेच डोळे पुसून म्हणाल्या, "पन ताईले काय सांगायचं?"

शामरावांनी कॅमेरा उचलला. छाती पुन्हा फुगली. "ताईले मी सांभाळतो!"

लग्न थाटात लागलं. लिंबू रंगात चेतना अशी खुलली की नवरदेव यशदीप उजळणी केलेल्या प्रतिज्ञेच्या ओळी विसरला. शामरावांनी कॅमेरा तिपाईवर चढवला, बटण दाबलं आणि धावत जाऊन लेकीशेजारी उभे राहिले. खटॅक! काळा-पांढरा फोटो थेट नागपूरला!

सारं घर फोनभोवती श्वास रोखून बसलं. फोन वाजला.

"शाम्या!" राधाताई हरखून म्हणाल्या. "पोट्टी कशी चांदण्यावानी दिसून राहिली रे! अशी शुभ्र साडी अख्ख्या नागपुरात नाही पाहिली मी!"

मायाबाईंनी पदर तोंडात कोंबला. शामरावांनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं.

"पन येड्या," ताई कडाडल्या, "लेकीच्या लग्नात काळा कुर्ता काहून घातला?"

शामरावांनी खाली पाहिलं. मायाबाईंनी हौसेने आणलेला, लालभडक, डाळिंबासारखा कुर्ता! लाल आहे म्हणून सांगावं, तर साडीचा रंगही सांगावा लागणार.

"सांगा ना," मायाबाई कानाशी कुजबुजल्या, "सांगा, लाल आहे म्हणून!"

"चुकलंच ताई," शामराव पडेल आवाजात म्हणाले. "पुढच्या वेळी लक्ष ठेवतो."