मास्तरांचा कान

दावीद मास्तर माणसाला सलाम करायच्या आधी त्याचं नाक मोजायचे. एक डोळा मिटायचा, पेन्सिल हवेत आडवी धरायची आणि मग म्हणायचं, "सलाम, वहिनी." मी नव्यानं शेजारी राहायला आले तेव्हा पदर सावरायच्या आत माझं नाक मोजून झालं होतं. असा राग आला म्हणता!

नगरातल्या मिशनच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं त्यांना जुन्या फ्रेंच वर्तमानपत्रांचं बाड दिलं होतं, तेच त्यांचं लेकरू. त्यात तिकडचे लेखक-कवी काढलेले, डोकी भोपळ्याएवढी आणि पाय चिमणीचे. लेखक राजकारणात शिरला की तिकडचे चित्रकार त्याची अशी हजामत करत. मास्तरांना फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं, साहेबानं सांगितलं तेवढंच भांडवल. "राजानं चितारी तुरुंगात घातले वहिनी, पन एकानंबी नाक सरळ काढलं न्हाई," हे मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे.

त्यांचा दोस्त एकच, गोविंदतात्या. गावात लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टकं तात्यांची. रोज संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर समोरासमोर दोन खुर्च्या. तात्या नवी कविता म्हणणार, मास्तर "लई वाईट" म्हणणार, मग दोघं चहा पिणार. चहा बहुतेक वेळा माझ्या घरचा.

अशात तात्यांना म्युनिसिपालटीला उभं राहायची हुक्की आली. मास्तरांना तर पर्वणीच. त्यांनी चित्रात घोडेगावचा गुरांचा बाजार काढला. तात्या बैल झालेले, शिंगांना मंगलाष्टकांच्या झालरी, एक मतदार जबडा उघडून दात बघतोय आणि दोन दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करताहेत. डोकं अर्थात भोपळ्याएवढं. चित्र सलूनच्या भिंतीवर खळीनं डकवलं. नगर पोट धरून हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तात्या निवडणुकीत पडले. पोरं रस्त्यात "दात दाखवा" म्हणून मागं लागली आणि तात्यांनी आमच्या गल्लीचं तोंड बघणं सोडलं.

मास्तरांना काही कळेना. तात्या ते चित्र चौकटीत घालून बैठकीत लावतील अशी त्यांची समजूत! "तिकडं मोठ्याच मानसाचं डोकं मोठं काढत्यात, वहिनी. ल्हानाला कोन इचारतंय?" मी म्हटलं, मास्तर, हे नगर आहे, इथं माणसाला बैल केलं की तो शिंगं उगारणारच. दोन्ही खुर्च्या मात्र रोज बाहेर यायच्या. नाकं मोजणं बंद झालं. मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

एके दिवशी आमचे हे दाढी करून आले. म्हणाले, जुन्या चित्रावर मास्तरांनी नवं डकवलंय. ह्या वेळी स्वतःचं. अंग एवढंसं आणि कान सुपाएवढा. समोर एक रिकामी खुर्ची, कान तिच्याकडे लागलेला. सलूनमध्ये कुणी हसलं नाही म्हणे.

संध्याकाळी तात्या आले. ओट्याखाली उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, कान लहान काढलात." मग वर येऊन बसले, खिशातून कागद काढला आणि सुरू झाले.

मी चहा घेऊन गेले. कविता नेहमीसारखीच वाईट होती. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा म्हना."