नीरोची बाजू घेणाऱ्या बाई

आमच्या शेजारच्या बाईंसमोर नीरोबद्दल वाईट बोलायची सोय नाही. नीरो म्हणजे तोच, रोमचा बादशहा, मरून दोन हजार वर्षं होत आली. बाई राहतात डहाणूजवळ नरपडला, चिकूच्या वाडीत. रोम त्यांनी पाहिलेलं नाही. पण कोणी सहज म्हणालं की रोम जळत होतं आणि हा खुशाल फिडल वाजवत बसला होता, की बाई पदर खोचून उभ्या राहतात.

"कोणी ऐकलं?"

झालं! फिडल तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं, आग लागली तेव्हा तो गावातच नव्हता, परत आल्यावर बेघर लोकांना त्यानं स्वतःच्या बागा उघडून दिल्या, हे सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. माझ्या नवऱ्यानं एकदा मध्येच तोंड घातलं, की त्यानं सख्ख्या आईला मारलं त्याचं काय? बाई शांतपणे म्हणाल्या, "मारलं ना. मग त्याचे जोडे त्याला मारा. फिडलचे कशाला?"

बाई म्हणजे सरलाबाई. डहाणूच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, निवृत्त झाल्या, पण इतिहास काही निवृत्त झाला नाही. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर भरतीच्या परीक्षा देणाऱ्या मुली वह्या घेऊन येतात. नाक्यावरचा किराणावाला शेठ मोबाईलवर आलेलं काहीबाही घेऊन येतो आणि लांबूनच ओरडतो, "बाई, एक सवाल छे!" चीनची भिंत चंद्रावरून दिसते का? नाही दिसत. नेपोलियन बुटका होता का? नव्हता. फ्रान्सचा इंच मोठा, इंग्रजांचा लहान, मोजमापात घोळ झाला. शेठला हे पटेना, तेव्हा बाईंनी विचारलं, नरपडला मिळणारा बोंबलांचा वाटा आणि डहाणूच्या बाजारातला वाटा सारखाच असतो का? शेठ शाकाहारी. तरी मान हलवून गेला बिचारा.

माझा इतिहास दहावीत पस्तीस मार्कांवर संपला आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. पण आमचं कुंपण एकच, त्यामुळे मला सगळं फुकट ऐकू येतं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. बाईंना जिंकलेल्या राजांचं कौतुक नाही. ज्याच्या नावावर न केलेलं काही खपवलंय, त्याच्यासाठी त्यांचा जीव तुटतो.

आणि ह्याच बाईंनी सख्ख्या सुनेच्या बाबतीत काय करावं?

सून भारती. माहेर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या गावात, घरी भाताची आणि नागलीची शेती. तिकडच्याच एका शाळेत ती मास्तरीण. बाईंच्या मुलानं, नितीननं, तिला पसंत केलं आणि बाईंनी हौसेनं घरात आणली. दीड-दोन वर्षं सगळं गोडीत चाललं होतं. मग महालक्ष्मीच्या जत्रेत कोणीतरी काहीतरी ऐकलं, ते बाईंच्या नणंदेला सांगितलं, आणि नणंद ते घेऊन थेट नरपडला आली. म्हणे भारती म्हणाली, म्हातारी गेली की वाडी विकायची आणि तलासरीला हायवेवर हॉटेल टाकायचं.

बाईंनी भारतीला विचारलं नाही. भांडल्याही नाहीत. नुसतं बोलणं टाकलं. अबोल्याच्या घरात किती दिवस राहणार माणूस? नितीनची फॅक्टरी हद्दीपलीकडे गुजरातेत, भारतीची शाळा तिकडे. दोघांनी तलासरीला खोली घेतली. नोकरी जवळ पडते, असं बाई सगळ्यांना सांगत सुटल्या.

त्यानंतर बाईंची उत्तरं फार लांबायला लागली. कोणी प्रश्न विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा, आणि त्याला चंगीजखान ऐकावा लागला. पोस्टमन हल्ली सायकलवरून न उतरताच पत्र टाकतो.

अशात नितीनचा फोन आला. भारतीला सातवा महिना, शनिवारी ओटी भरायची आहे, आई, तू ये. बाई म्हणाल्या, बघू. बाईंचं 'बघू' म्हणजे नाही, हे अख्ख्या नरपडला माहीत आहे. मला रात्री जेवण गेलं नाही. पहिल्या नातवंडाच्या ओटीला आजी नसली, तर मग बारशाला कुठल्या तोंडानं जाणार? ते घर तुटलंच म्हणायचं.

शुक्रवारी संध्याकाळी ओट्यावर एका मुलीनं विचारलं, भाकरी नसेल तर केक खा, असं फ्रान्सची राणी खरंच म्हणाली का? मी कुंपणाशी चिकू निवडत होते. बाई सुरू झाल्या. पोर चौदा वर्षांची, ऑस्ट्रियाहून सून म्हणून आली. परमुलखातली, बोलणं वेगळं, सासरच्यांना आयती सापडली. जे काही बिघडेल ते हिच्या माथी. हे वाक्य तर ती यायच्या आधीपासून दुसऱ्याच राण्यांच्या नावावर फिरत होतं.

"कोणी ऐकलं तिला बोलताना?" बाई म्हणाल्या. "कोणीच नाही. विचारायचं तरी एकदा तिला."

आणि बाईंनी डोळे पुसले. त्या फ्रान्सच्या राणीसाठी! माझं डोकंच फिरलं. हातातले चिकू तसेच टाकून मी कुंपणाला टेकले.

"बाई, आणि भारतीला कोणी ऐकलं?"

ती मुलगी वही आवरून निघून गेली. बाई उठल्या, आत गेल्या, दार लावून घेतलं. मला वाटलं, संपला आपला शेजार.

सकाळी बाई आमच्या दारात हजर. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत नारळ, तांदूळ, खण आणि वाडीतले पाच निवडक चिकू. म्हणाल्या, ओटी सवाष्णीनं भरायची असते, मला चालत नाही, तू चल. हे कोणी ठरवलं, असं मी विचारणार होते, पण चपला पायात सरकवल्या. रिक्षानं डहाणू, तिथून एसटी. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ लागलं, गाडीतूनच देवीला हात जोडले, तेवढंच. वाटेत बाईंनी कंडक्टरलासुद्धा इतिहास सांगितला नाही.

तलासरीच्या त्या एवढ्याशा खोलीत भारतीची आई गावाहून आली होती. भारती वाकायला लागली, तर बाईंनी तिला धरलं आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं. लोक म्हणाले तू वाडी विकायचं बोललीस, मी ऐकून घेतलं, तुला विचारलं नाही, माझं चुकलं.

"तू असं बोललीच नसशील," बाई म्हणाल्या.

"बोलले होते, आई."

नितीन पंख्याकडे बघायला लागला.

"रागात बोलले, पण बोलले," भारती म्हणाली. "तीन गाड्या बदलून शाळेतून यायचे मी. जेवायला बसलं की तुमचे राजे सुरू. रोज वाटायचं, आई आज तरी विचारतील, दिवस कसा गेला."

मला वाटलं, आता बाई पिशवी उचलतात. पण बाईंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि त्या खाटेच्या कडेला बसल्या.

मग म्हणाल्या, "घर खायला उठतं गं मला. म्हणून बडबडते. तू आलीस, हक्काचं माणूस मिळालं, म्हणून तुझ्यापाशी जास्तच बडबडले."

भारती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं पदर पुढे केला. "ओटी तुम्हीच भरा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून नारळ काढला आणि त्यांच्या हातात दिला. भारतीची आई म्हणाली, भरा हो, तुमचीच लेक आहे. बाईंनी ओंजळ इतकी भरून घेतली की निम्मे तांदूळ खाली सांडले.

चहा झाला. बाईंनी घसा खाकरला. मी मनात म्हटलं, आला नीरो.

"भारती, आज दिवस कसा गेला?"

"अजून अकराच वाजलेत, आई."

"मग सकाळ सांग."

भारती हसली, आणि सांगायला लागली. पहाटे पोटात बाळानं कशी लाथ मारली, दूध कसं नासलं, नितीन साखर समजून मीठ कसं घेऊन आला. बाई गालावर हात ठेवून ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी तोंड उघडलं, मी धसकले, पण त्या नुसतं "मग?" एवढंच म्हणाल्या. आमची दुपारची गाडी निघून गेली, तेव्हा भारती अजून सकाळच सांगत होती.