नातेवाईक विभाग

मास्तरांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल करण्यात आले होते. एक ठरावीक इंजेक्शन त्यांना चालत नसे. दिले की घसा सुजून श्वास अडकायचा. ही गोष्ट मास्तरीणबाईंनी वॉर्डातल्या सिस्टरच्या कानावर घातली.

"बरं झालं सांगितलंत," सिस्टर म्हणाल्या. "पण मला सांगून उपयोग नाही, थिएटरला कळायला हवं."

"मग कळवा ना."

"थिएटर फक्त भूल विभागाचं ऐकतं. आणि भूल विभागाशी आमचं बोलणं नाही."

"भांडण झालंय का?"

"छे हो. पद्धत आहे."

मास्तरीणबाई तडक भूल विभागात गेल्या. तिथे त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेण्यात आले आणि तितक्याच आदराने अमान्य करण्यात आले. माहिती कुठल्या तरी विभागाकडूनच यावी लागते, आणि बायको हा विभाग नव्हे.

"अहो, उद्या त्यांचा जीव जाईल!"

"तसं झालं तर आम्हाला रीतसर कळवलं जाईल," भूलतज्ज्ञ म्हणाले.

सुदैवाने रुग्णालयात विभागांमधल्या संवादाचा अभ्यास चालू होता. अभ्यास करणाऱ्या मॅडमनी भिंतभर बाण काढले होते. बाण सगळीकडून निघत होते. पोचत कुठेच नव्हते. मास्तरीणबाईंची कैफियत ऐकून मॅडमना आनंदच झाला. बाण चुकीचे नव्हते, फक्त एक विभाग कमी पडत होता.

दुपारपर्यंत वॉर्डाच्या दाराशी टेबल, फोन आणि पाटी आली. बाईंनी फोन उचलून भारदस्त आवाजात म्हटले, "नातेवाईक विभागातून बोलतेय." भूलतज्ज्ञ उभे राहूनच बोलले म्हणतात. इंजेक्शन बदलले, ऑपरेशन झाले, मास्तर ठणठणीत. मॅडमनी शेजारच्या रुग्णालयातही टेबल पाठवायचे ठरवले.

शुद्धीवर येताच मास्तरांनी हाक मारली, "अगं, घोटभर पाणी देतेस का?"

"वॉर्डामार्फत विचारा," बाई फोनवरचा हात न काढता म्हणाल्या.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांची मुलगी घाईघाईने आली. "काकू, बाबांनाही तेच इंजेक्शन चालत नाही हो. आता त्यांचाच नंबर आहे. एक फोन कराल?"

बाईंनी चष्मा नाकावर सारखा केला आणि तिच्याकडे मान वर करून पाहिले.

"आपण कुठल्या विभागाच्या?"

तुम्हाला आता बाईंचा राग आला असेल. साहजिक आहे. तुम्हाला अजून टेबल मिळालेले नाही.